समुद्राच्या तळाला कान लावून

८ ऑगस्ट २०२४ला दुपारी पावणेपाचच्या सुमारास जपानच्या क्युशू बेटालगत समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पडझड फार झाली नाही. पण त्याच संध्याकाळी तिथल्या हवामान खात्याने एक सूचना काढली आणि सगळा देश दचकला. नैर्ऋत्य जपानलगतच्या समुद्रातल्या नानकाई खंदकात महाभूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, आठवडाभर सावध राहा, असं त्या सूचनेत होतं. २०१९ला ही पद्धत सुरू झाल्यापासून अशी सूचना पहिल्यांदाच निघाली होती. पंतप्रधान किशिदांनी मध्य आशियाचा दौरा रद्द केला, ऐन सुट्टीत काही समुद्रकिनारे बंद झाले, काही बुलेट ट्रेनचा वेग कमी केला गेला.

ओसाकात नोकरीला असलेल्या माझ्या मामेबहिणीने दुकानातल्या रिकाम्या फळीचा फोटो पाठवला. पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "ताई, भूकंपाचं भाकीत करता येत नाही असं तूच सांगतेस ना? मग यांना दिसलं तरी काय?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट मांडते.

पावसाळ्यात फुगलेलं दार

पृथ्वीचं वरचं टणक कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकत असतात. समुद्राखालचा पट्ट जुना होत जातो तसा थंड आणि जड होतो. समोरून दुसरा पट्ट आला की तो त्याच्याखाली तिरका घुसतो आणि खोल बुडत जातो. ही जी बुडण्याची जागा, तिला सबडक्शन झोन म्हणतात. समुद्रतळावर ती बहुतेक ठिकाणी लांबच लांब खंदकासारखी दिसते. नानकाई हा असाच एक खंदक आहे. तिथे फिलिपीन समुद्राचा पट्ट नैर्ऋत्य जपानखाली वर्षाला साधारण ४ ते ६ सेंटिमीटर घुसतो आहे.

हे घुसणं सुरळीत होत नाही, खरी अडचण तिथे आहे. कोकणातल्या जुन्या घराचं लाकडी दार श्रावणात फुगतं, ते आठवा. ढकललं तर हलत नाही. आणखी जोर लावला तर फळी वाकते, चौकट कुरकुरते, पण दार जागचं सुटत नाही. आणि मग एकदम धाडकन उघडतं आणि आपण तोल जाऊन आत पडतो. दोन भूपट्टांमधला सांधा असाच अडकतो. खालचा पट्ट बुडताना वरच्याची कड आपल्याबरोबर खाली ओढतो, आणि ती वाकत राहते, दहा, पन्नास, शंभर, कधी कित्येकशे वर्षं. सांधा सुटला की कड उसळून मोकळी होते आणि तिच्यावरचा सगळा समुद्र उचलला जातो. त्यालाच आपण त्सुनामी म्हणतो.

१९६०चा चिली (९.५), १९६४चा अलास्का (९.२), २००४चा सुमात्रा-अंदमान, २०११चा तोहोकु (ईशान्य जपान) आणि जुलै २०२५मधला कामचात्काचा ८.८चा, हे सगळे याच जातीचे.

आत कोणी गेलं नाही, मग कळलं कसं?

वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण सेकंद मोजतो आणि ती किती लांब पडली याचा अंदाज बांधतो. भूकंपशास्त्राचा पाया हाच हिशेब आहे. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लहरी खडकातून निघतात. पहिली दाबत-सैलावत पुढे जाते, तिला पी लहर म्हणतात. ती कवचात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. दुसरी खडकाला आडवी हलवते, ती एस लहर, वेग साधारण साडेतीन किलोमीटर. दोघींच्या येण्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला आठाने गुणलं की भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते निघतं. तीन-चार ठिकाणांहून असं अंतर काढलं की जागा सापडते.

या दोन लहरी यंत्रांच्या नोंदींत वेगळ्या ओळखण्याचं श्रेय रिचर्ड ओल्डहॅम यांच्याकडे जातं. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते आणि १८९७च्या आसाम भूकंपाचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. आपल्याकडच्या भूकंपाने जगाला ही किल्ली मिळवून द्यायला मदत केली, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढचं मोठं पाऊल जपानमध्ये पडलं. कियो वदाती या तरुण शास्त्रज्ञाने १९२८ला दाखवून दिलं की काही भूकंप जमिनीखाली शेकडो किलोमीटरवर होतात. मग त्याने भूकंपांच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा दिसलं की खंदकाजवळ ते उथळ आहेत आणि जपानच्या मागे जावं तसे खोल खोल होत जातात, एका उतरत्या पाटावर मांडल्यासारखे. नंतर अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांना इतर खंदकांपाशी हेच आढळलं. भूपट्टांची कल्पना तेव्हा अजून यायची होती. बुडणाऱ्या पट्टाचा आकार भूकंपांनी स्वतःच ठिपक्या-ठिपक्यांनी काढून दिला होता.

पण ठिपक्यांवरून आकार कळतो, आतला माल कळत नाही. त्यासाठी दुसरी युक्ती आहे. समजा, तुम्ही साताऱ्याच्या एसटी स्टँडवर बसला आहात. पुण्याहून येणाऱ्या सगळ्या गाड्या अर्धा तास उशिरा आल्या आणि कोल्हापूरच्या वेळेवर. जागेवरून न हलताही तुम्ही म्हणाल, खंबाटकी घाटात काहीतरी अडकलंय. भूकंपाच्या लहरींचंही तसंच. थंड, टणक खडकातून त्या लवकर येतात, तापलेल्या किंवा पाणी मुरलेल्या खडकातून रेंगाळतात. हजारो भूकंप आणि शेकडो केंद्रं घेतली, कोणती लहर किती आधी आली नि कोणती किती उशिरा याचा हिशेब मांडला, की पृथ्वीच्या पोटाचा सीटी स्कॅन तयार होतो. त्यात बुडणारा थंड पट्ट भोवतालच्या गरम खडकात स्पष्ट उठून दिसतो.

आणि भूकंपाची वाट न पाहता स्वतःच टिचकी मारायचीही सोय आहे. कलिंगड घेताना आपण बोटाने ठोकून बघतो ना? तसं जहाजामागे ओढत नेलेल्या एअरगन समुद्रात दाबाची हवा सोडतात, तो धक्का तळाखालच्या थरांवर आपटून परत येतो, आणि किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या केबलमधले मायक्रोफोन तो टिपतात. यातून दोन पट्टांमधला सांधा चित्रासारखा दिसतो. गाळ किती जाड, तो किती ओला, बुडणाऱ्या तळावर समुद्राखालचा एखादा डोंगर आहे का, सगळं. पाण्याला इथे फार महत्त्व आहे. बुडणारा पट्ट भिजलेल्या गोधडीसारखा पाणी घेऊन खाली जातो आणि दाबाखाली ते पिळून निघतं. हे पाणी सांध्यात कोंडलं की दोन्ही बाजूंची पकड ढिली पडते. कुठे सांधा घट्ट आणि कुठे निसरडा, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

तोहोकु: जिथे कान नव्हते

आता जी गोष्ट सांगते, ती मला या सगळ्या विषयाच्या मध्यावर असल्यासारखी वाटते.

ईशान्य जपानसमोर प्रशांत महासागराचा पट्ट वर्षाला ८-९ सेंटिमीटर वेगाने बुडतो. २०११पूर्वी जगात सर्वांत बारकाईने पाहिलेला सबडक्शन झोन बहुधा हाच होता. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर जवळपास ८०० ठिकाणी शंभर मीटर नि त्याहून खोल भोकं पाडून संवेदनशील यंत्रं पुरली होती. जमीन मिलिमीटरने सरकली तरी कळेल असं जीपीएसचं जाळं होतं. पण ही यंत्रं जवळजवळ सगळी जमिनीवर होती आणि खंदक किनाऱ्यापासून सुमारे २०० किलोमीटर लांब समुद्रात. शेजारच्या खोलीतली कुजबुज भिंतीला कान लावून ऐकावी, तशी ती परिस्थिती होती.

खंदकालगतचा उथळ भाग मऊ, ओल्या चिखलाचा असतो, तो ताण धरून ठेवत नाही, हळूच घसरत असणार, अशी तेव्हाची समजूत होती. मियागी प्रांतासमोर साडेसातच्या आसपासचे भूकंप दर तीस-चाळीस वर्षांनी होत आले होते. पुढचाही तसाच असेल असं धरलं होतं. सेंदाईच्या मैदानात शेतांखाली समुद्री वाळूचा एक थर सापडला होता, इ.स. ८६९मधल्या त्सुनामीने आणून टाकलेला. तो धोक्याची खूण होता, पण आराखड्यांमध्ये त्याला हवं तेवढं वजन मिळालं नव्हतं.

११ मार्च २०११ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी सांधा सुटला. जवळपास ५०० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद पट्टा. जी जागा नुसती घसरत असेल असं वाटत होतं, तिथेच, खंदकालगत, दोन पट्ट एकमेकांवरून सुमारे ५० मीटर सरकले. पंधरा-सोळा मजली इमारत आडवी टाका, एवढं. समुद्रतळावरच्या एका मोजणी-बिंदूची नंतर पाहणी केली, तर तो २४ मीटर पूर्वेला गेलेला सापडला.

पहिल्या तीन मिनिटांत हवामान खात्याने तीव्रता काढली ती ७.९. खरी होती ९.०. आकड्यांत फरक छोटा दिसतो, पण तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा ३२ पट होते, म्हणजे इथे फरक सुमारे ४५ पटींचा होता. देशातली लांब लहरी टिपणारी यंत्रं एवढ्या हलण्याने मोजमापाच्या बाहेर गेली होती. त्सुनामीचा पहिला इशारा मियागीसाठी ६ मीटरचा आणि शेजारच्या इवाते, फुकुशिमासाठी ३ मीटरचा निघाला. तीन मीटर ऐकून किती जण बांधाच्या भरवशावर थांबले असतील, या विचाराने आजही पोटात कालवतं. काही दऱ्यांत पाणी ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास कधी सापडलीच नाहीत.

वर्षभराने 'चिक्यू' हे खोदकाम करणारं जहाज त्याच जागी गेलं. सुमारे ६,९०० मीटर पाण्याखालच्या तळाला भोक पाडून त्यांनी आणखी ८५० मीटरपर्यंत खणलं. सांध्यातली माती हाती आली ती जेमतेम एक मीटर. एवढा विध्वंस करणारी ती भेग पाच मीटरहूनही कमी जाडीची होती. आत पापुद्रे सुटलेली चिकणमाती, ओल्या शाडूच्या मातीसारखी बोटांतून निसटणारी. भोकात थर्मामीटरांची माळ सोडून ठेवली होती. नऊ महिन्यांनी वर काढली, तेव्हा सांध्यापाशी तापमान आजूबाजूपेक्षा ०.३१ अंश जास्त होतं. दोन भूपट्ट एकमेकांवर घासले त्या उष्णतेची ही उरलेली ऊब. तिच्यावरून हिशेब निघाला की घसरताना तिथलं घर्षण नेहमीच्या खडकाच्या जवळपास आठव्या हिश्शाएवढंच होतं. म्हणजे मऊ चिखल नुसता शांत घसरतो हे खरं नव्हतं. जोराचा धक्का खोलातून आला की तोच चिखल आणखी निसरडा होतो आणि सांध्याला थेट समुद्रतळापर्यंत वाट करून देतो.

त्यानंतर जपानने खंदकाच्या वर, समुद्राच्या तळावर, केबलने जोडलेली १५० केंद्रं बसवली. एस-नेट नावाचं हे जाळं सहा वर्षांत उभं राहिलं. नानकाईकडे डोनेट नावाचं वेगळं जाळं आहे. मामेबहिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या केबलींमध्ये आहे.

दिवसेंदिवस चालणारे भूकंप

उरलेलं अर्धं उत्तर अगदी अनपेक्षित होतं. २००२ला भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारा यांनी जमिनीत पुरलेल्या त्या यंत्रांच्या नोंदींत एक हलकी, सलग थरथर शोधून काढली. एकेका ठिकाणची नोंद पाहिली तर रस्त्यावरच्या ट्रकचा गोंगाट वाटावा. पण तीच थरथर शेजारच्या कितीतरी केंद्रांवर एकाच वेळी होती आणि तिचा उगम नैर्ऋत्य जपानखाली तीसेक किलोमीटर खोल, बुडणाऱ्या पट्टालगत लागत होता. त्याच सुमारास कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावर जीपीएसने दाखवलं की जमीन साधारण दर चौदा महिन्यांनी काही दिवस उलट दिशेने सरकते. हेही सांधा सुटणंच, पण सावकाश. दार धाडकन न उघडता केसाकेसाने सरकत राहावं तसं. माणसाला काही जाणवत नाही.

याचं महत्त्व असं, की जो भाग हळू सरकतो तो आपला भार वरच्या, अडकलेल्या भागावर टाकतो. तोहोकुच्या आधी, ९ मार्चला, सात नि वरचा एक भूकंप झाला होता आणि त्यानंतरचे छोटे धक्के पुढच्या मोठ्या भूकंपाच्या उगमाकडे सरकत गेले होते. हे नंतर नोंदी तपासताना दिसलं.

एवढं दिसतं, तर तारीख का सांगत नाहीत?

कारण सांध्यातला ताण आणि सांध्याची ताकद, या दोन्ही गोष्टी हव्यात. ताण कुठे साठतोय याचा नकाशा आता बऱ्यापैकी बनतो. पण तो सांधा नेमका किती ताणाला तुटेल हे कुठलीच लहर सांगत नाही. हळू सरकण्याचे प्रसंग वारंवार येतात आणि बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. ९ मार्चसारखा भूकंप उद्या झाला तर तो आधीचा धक्का की स्वतंत्र भूकंप, हे त्या क्षणी ओळखता येणार नाही.

मग ऑगस्ट २०२४ची सूचना कशाच्या जोरावर? नानकाईच्या इतिहासाच्या. १७०७ला सगळा खंदक एकदमच सुटला, आणि सात आठवड्यांनी फुजी पर्वत पेटला. १८५४च्या डिसेंबरात पूर्वेचा भाग सुटला आणि साधारण बत्तीस तासांनी पश्चिमेचा. १९४४ आणि १९४६मध्ये तेच घडलं, पण मध्ये दोन वर्षं गेली. म्हणजे एक भाग हलला की शेजाऱ्यावर ताण येतो, फक्त किती वेळाने ते ठरलेलं नाही. जगभरच्या नोंदी पाहता सात किंवा अधिक तीव्रतेच्या भूकंपानंतर आठवडाभरात तिथेच आठच्या वरचा होण्याचं प्रमाण काही शेकड्यांत एक असं आहे. नेहमीच्या दिवसापेक्षा हे कितीतरी पट जास्त, आणि तरी न होण्याचीच शक्यता मोठी. १५ ऑगस्टला सूचना मागे घेतली, महाभूकंप झाला नाही. ती चुकली असं काहींना वाटलं. मला ती बरोबर वाटते. तिने तारीख दिलीच नव्हती. बिछान्याजवळ बूट आणि टॉर्च ठेवा, वर जायची वाट एकदा चालून बघा, एवढंच सांगितलं होतं.

छोटे भूकंप झाले की ताण निघून जातो ना?

हे मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारतात. वर आलेला ३२चा आकडा घ्या. नऊ तीव्रतेची ऊर्जा सातच्या हजार भूकंपांत मावते आणि सहाचे घ्यायचे तर तीस हजारांवर लागतात. कुठल्याच खंदकात एवढे मध्यम भूकंप होत नाहीत. ताण बाहेर पडतो तो मुख्यतः मोठ्या भूकंपातून किंवा हळू सरकण्यातून.

आणि कोयना, किल्लारी?

ती जात वेगळी. १९६७चा कोयनेचा आणि १९९३चा किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या पोटात झाला, कडेला नव्हे. कोयनेत धरणाच्या पाण्याचा संबंध मानला जातो. तिथे खाली बुडणारा पट्ट नाही, त्यामुळे नऊचा भूकंप तिथे होणार नाही. सहाचा उथळ भूकंप दगड-मातीच्या घरांत रात्री झोपलेल्या माणसांचं काय करतो, ते किल्लारीने दाखवलं आहेच. पण आपल्या किनाऱ्याचा खंदकाशी संबंध नाही असं मात्र समजू नका.

अरबी समुद्राच्या पलीकडे

२८ नोव्हेंबर १९४५, पहाटे साडेतीनच्या सुमारास. आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर ८.१चा भूकंप झाला. पासनी आणि ओरमारा त्सुनामीने धुऊन काढले. काही तासांनी, सकाळी, लाटा मुंबईला पोहोचल्या आणि इथेही माणसं वाहून गेली.

मकरान हा अरबी पट्टाचा सबडक्शन झोन, पाकिस्तानपासून इराणपर्यंत सुमारे हजार किलोमीटर. इथे खंदक डोळ्यांना दिसत नाही, कारण तो गाळाने भरून गेला आहे. जहाजांनी टिचक्या मारून जी चित्रं काढली, त्यांत गाळाची जाडी सुमारे ७ किलोमीटर भरते. पट्ट खाली जातो तोही फार सपाट कोनात. गाळात वायू नि पाणी कोंडलेलं आहे. सप्टेंबर २०१३मध्ये बलुचिस्तानात जमिनीवर ७.७चा भूकंप झाला तेव्हा ग्वादरसमोर चिखल-दगडांचं एक बेट समुद्रातून वर आलं. लोक होड्या घेऊन बघायला गेले, तर भेगांतून बुडबुडणारा वायू काडी लावताच पेटत होता. तीनेक वर्षांत लाटांनी ते बेट पुसून टाकलं.

पूर्वेचा भाग १९४५ला सुटला. पश्चिमेच्या, इराणकडच्या भागात यंत्रांच्या काळात एकही महाभूकंप झालेला नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक तर तो भाग शांतपणे घसरतो आहे, किंवा तो घट्ट अडकून ताण साठवतो आहे. उथळ, मऊ गाळाबद्दल तोहोकुसमोर जे गृहीत धरलं होतं, ते इथे पुन्हा धरायचं का, हा आज भूकंपशास्त्रज्ञांमधला खरा वाद आहे. पट्टाचा आकार, तापमान, गाळाचा दाब, सगळ्या बाजूंनी अभ्यास चालले आहेत. एका मताचं उत्तर अजून निघालेलं नाही.

मामेबहिणीचे आईवडील अलिबागला राहतात. मध्यंतरी तिने विचारलं, आपल्याकडे काही आहे का? आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत २००७पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र चोवीस तास चालतं. ते मकरान आणि अंदमान-सुमात्रा या दोन्ही झोनवर लक्ष ठेवतं, आणि अरबी समुद्राच्या तळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रंही आहेत. मकरानहून निघालेल्या लाटेला कोकणात यायला काही तास लागतात, म्हणजे इशारा पोहोचवायला वेळ मिळतो. पण ते भूकंप झाल्यानंतरचं काम झालं. सांधा अडकलाय की घसरतोय हे आधी ऐकायचं तर त्याच्या थेट वर, तळाशी, वर्षानुवर्षं यंत्रं असावी लागतात. २०११पूर्वी जपानच्या खंदकावर ती नव्हती. मकरानवर, एस-नेटसारखी केबलने जोडलेली, आजही नाहीत.